एकाच आकाशातले सोबती

निवडणुकीचा निकाल लागला की गुलाल उधळला जातो, ताशे वाजतात, आणि पंधरा दिवसांत भिंतीवरची पत्रके उन्हापावसाने विटून जातात. गुलाल तर पहिल्या धुण्यातच निघून जातो. परंतु एक गोष्ट इतक्या सहजी निघत नाही, आणि ती म्हणजे मनात धरलेली अढी. आज मला बोलायचे आहे ते या अढीविषयी.

पुढाऱ्यांविषयी मी बोलणार नाही. पुढाऱ्यांचे एक बरे असते. आज व्यासपीठावरून ते एकमेकांवर तुटून पडतात आणि उद्या एखाद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी-शेजारी बसून जिलबी वाढून घेतात. त्यात गैर काहीच नाही. उलट ते शहाणपणाचेच आहे. वाईट वाटते ते त्यांच्यासाठी भांडलेल्या तुम्हाआम्हांचे. आपण मात्र एकमेकांच्या लग्नाला जायचे बंद होतो. आणि त्यातही अधिक वाईट वाटते ते अशा मंडळींचे, की जी पक्षासाठी नव्हे, जातीसाठी नव्हे, तर निव्वळ एका हौसेपायी एकत्र आलेली असतात. भजनी मंडळ घ्या, कुस्तीची तालीम घ्या, हौशी नाटकमंडळी घ्या, नाहीतर आमच्या जालन्याच्या मोतीबागेत सकाळी फिरायला येणारी चार म्हातारी माणसे घ्या. यांना कुणी बोलावलेले नसते, कुणी पगार देत नसते. एका आवडीने ती एकत्र येतात. म्हणूनच ती लवकर फुटतात, आणि फुटली की पुन्हा जोडणारे कुणी नसते.

आमच्या जिल्ह्यातल्या एका गावची हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. तुम्ही आपल्या गावाचे नाव घाला, हकीकत फारशी बदलणार नाही. तिथे दर एकादशीला भजन होई. पखवाजावर बसणारे गृहस्थ एका पक्षाचे आणि पेटीवाले दुसऱ्या पक्षाचे. हे साऱ्या गावाला ठाऊक होते, आणि वीस-पंचवीस वर्षे त्याची अडचण कुणालाही झाली नव्हती. एका निकालाच्या रात्री मिरवणूक पेटीवाल्यांच्या दारासमोर जरा जास्तच वेळ थांबली. घोषणा झाल्या, दोन-तीन शब्द असे गेले की जे जायला नको होते. पुढच्या एकादशीला पेटी आली नाही. त्याच्या पुढच्या एकादशीला दुसऱ्या आळीत दुसरे मंडळ उभे राहिले. आता इकडे पखवाज आहे पण पेटी नाही, तिकडे पेटी आहे पण पखवाज नाही. आणि भजन दोन्हीकडे बेसूर. कोणता उमेदवार निवडून आला हे त्या गावातली मुले दहा वर्षांनी विसरतील. पण आपल्या गावात भजनाची दोन मंडळे का, हे मात्र त्यांना सांगावे लागेल.

आता आपण जरा आकडे पाहू. 2024 साली जालना लोकसभा मतदारसंघात 13 मे रोजी मतदान झाले आणि 4 जूनला मोजणी झाली. निकाल लागला तो 1,09,958 मतांच्या फरकाने. या मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: जालना, बदनापूर, भोकरदन, सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण. पुढे सहा महिन्यांच्या आतच, 20 नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. 23 तारखेला पेट्या उघडल्या, आता पेट्या म्हणायचे ते सवयीने, यंत्रे उघडली म्हणा, तेव्हा या सहाही ठिकाणी निवडून आले ते लोकसभेला हरलेल्या आघाडीचे उमेदवार. मतदार जवळजवळ तेच, गावे तीच, शेते तीच. मग जूनमध्ये ज्याला आपण शत्रू ठरवले, त्यातला कुणी ना कुणी नोव्हेंबरात आपल्याच रांगेत उभा होता की नाही? किंवा आपणच त्याच्या रांगेत जाऊन उभे राहिलो होतो की नाही? आणखी मागे गेलो, तर 2009 साली याच लोकसभा मतदारसंघाचा निकाल अवघ्या 8,482 मतांनी लागला होता. म्हणजे लोकांचे मत हे काही दगडावर कोरलेले नसते. ते भिजते, वाळते, वळते. माणसाचे एका दिवसाचे मत हीच त्याची कायमची ओळख समजून आपण त्याच्याशी वर्षानुवर्षांचे संबंध तोडतो, हा हिशेब कुठल्याच वहीत बसणारा नाही.

कोणी म्हणेल, मत तर गुप्त असते, मग अढी धरायला कळते कसे? प्रश्न रास्त आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चा. त्याच्या 128 व्या कलमाने मतदानाची गुप्तता राखण्याची जबाबदारी मोजणीच्या आणि मतदानाच्या कामावरील प्रत्येकावर टाकलेली आहे. तुमचे बोट कोणत्या बटणावर पडले हे कोणालाही कळत नाही, हे खरे. परंतु यंत्र केंद्रागणिक मोजले जाते. हजार-बाराशे मतदारांच्या एका केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाला पाठ झालेले असते. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रे जोडून अनेक केंद्रांची एकत्रित बेरीज काढावी, अशी सूचना निवडणूक आयोगाने 2008 साली केली होती. ती अमलात आलेली नाही. परिणाम असा होतो की निकालानंतर गावात हिशेब सुरू होतात. या वाड्यावरची तीनशे मते कुठे गेली? त्या गल्लीने आपल्याला दगा दिला. मग अंदाज, अंदाजावरून संशय, आणि संशयावरून अबोला. कायद्याने झाकलेले मत आपण चौकशा करून उघडे पाडू पाहतो. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, की 'मत कुणाला दिलं' हा प्रश्न सभ्य माणसाने विचारू नये. पगार विचारू नये, तसाच.

आता मी तुम्हाला एक दूरचे उदाहरण देणार आहे. ते विमानाचे आहे. भजनी मंडळात विमान कुठून आले, असे तुम्ही म्हणाल. जालन्याहून सर्वांत जवळचा विमानतळ तासाभराच्या वाटेवर, चिकलठाण्याला. आपल्यातले बहुतेक लोक विमान पाहतात ते मान वर करून, ज्वारी खुडता खुडता. पण हौसेपायी एकत्र आलेल्या आणि एकमेकांशी मतभेद असलेल्या माणसांनी कसे वागावे, हे मला हौशी वैमानिकांइतके स्पष्ट कुठे दिसले नाही. कारण त्यांच्या हौसेत चूक झाली तर भजन बेसूर होत नाही, माणूस मरतो.

मुंबईत जुहूला 1928 साली बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्या क्लबाच्या एका हौशी तरुणाला भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. तो तरुण म्हणजे जे. आर. डी. टाटा. पुढे आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले. भारत आणि इंग्लंड यांमधला प्रवास ठरावीक मुदतीत एकट्याने विमान चालवून जो भारतीय प्रथम पुरा करील, त्याला ते मिळायचे. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले. त्याच सुमारास अस्पी इंजिनीअर नावाचा एक अगदी कोवळा मुलगा इंग्लंडहून कराचीकडे निघाला होता. दोघांची गाठ पडली ती वाटेत, इजिप्तमध्ये, अबूकीरच्या विमानतळावर. पाहतात तो अस्पी तिथे अडकून पडलेला. त्याच्या इंजिनाला जादा स्पार्क प्लग नव्हते. आता विचार करा. टाटांनी काही केले नसते, नुसते 'शुभेच्छा' म्हणून उड्डाण केले असते, तरी त्यांना दोष कोण देणार होता? बक्षीस त्यांच्याच पदरात पडले असते. त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग अस्पीला दिले. आणि अस्पीने काही तासांनी त्यांच्यावर मात करून ते बक्षीस जिंकले. तोच अस्पी पुढे 1960 साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. शर्यत दोघांनीही जिंकण्यासाठीच लावली होती, त्यात ढिलाई कुणी केली नाही. परंतु समोरचा जमिनीवर अडकून पडला म्हणून मिळालेला विजय टाटांना नको होता.

ही झाली शर्यतीची गोष्ट. राजकारणातला मतभेद याहून खोल जातो. तेव्हा याच टाटांची दुसरी हकीकत ऐका. टाटा आणि पंडित नेहरू यांचा स्नेह जुना होता. पण 1953 साली सरकारने विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले, ते टाटांना मुळीच मान्य नव्हते, आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितले. तरीही सरकारने एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांना दिले, त्यांनी ते घेतले, आणि 1978 पर्यंत पंचवीस वर्षे मनापासून सांभाळले. टाटा पुढे सांगत असत, की आर्थिक धोरणाचा विषय काढला की पंडितजी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहू लागत. म्हणजे कुणीही कुणाचे मत बदलू शकले नाही! 1959 साली स्वतंत्र पक्ष निघाला. 1962 ची निवडणूक जवळ आली तेव्हा, 1961 साली, टाटांनी नेहरूंना स्वतः पत्र लिहून कळवले की काँग्रेसबरोबरच आम्ही स्वतंत्र पक्षालाही देणगी देणार आहोत. पंतप्रधानांना, आणि तेही निवडणुकीच्या तोंडावर! नेहरूंनी उत्तर पाठवले त्याचा आशय असा, की देणगी देण्यास आपण पूर्ण मोकळे आहात. मात्र हा पक्ष प्रबळ विरोधी पक्ष होईल ही आपली आशा मला खरी वाटत नाही. निवडणूक झाली. काँग्रेसला लोकसभेत 361 जागा मिळाल्या आणि स्वतंत्र पक्षाला 18. टाटांची एअर इंडियाची खुर्ची हलली नाही.

या हकीकतीत मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली ही की टाटांनी लपवाछपवी केली नाही. एकाच्या पाठीमागे दुसऱ्याशी बोलणे करून दोघांच्याही चांगल्यात राहायचे, हा आपल्याकडचा सोपा मार्ग त्यांनी पत्करला नाही. दुसरी ही की नेहरूंनी आपले मत सौम्य केले नाही. 'तुमचेही बरोबर, आमचेही बरोबर' असे गुळमुळीत उत्तर त्यांनी दिले नाही. 'तुमचा अंदाज चुकतो आहे' असे सांगितले, आणि 'तरी तुम्ही मोकळे आहात' असेही सांगितले. सहिष्णुता म्हणजे आपले मत पातळ करणे नव्हे. मत घट्टच असावे. फक्त ते समोरच्याच्या डोक्यात मारायचा दगड होऊ नये, एवढेच.

याच्या उलट काय होते, तेही आपल्या महाराष्ट्राने पाहिलेले आहे. टिळक आणि आगरकर तरुणपणी एकाच ध्येयाने घराबाहेर पडले, 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र राहिले. मग आधी सुधारणा की आधी स्वराज्य, यावरून फाटले. 1888 साली आगरकरांनी 'सुधारक' काढला आणि जुने मित्र एकमेकांवर लेखणीने वार करू लागले. वादाने महाराष्ट्राची बुद्धी धारदार झाली, हे खरेच; तो वाद व्हायलाच हवा होता. पण मैत्रीचे जे नुकसान झाले ते भरून निघण्याआधीच, 1895 साली, वयाच्या चाळिशीत पाऊल टाकण्यापूर्वी, आगरकर गेले. टिळकांना मित्राचा मृत्युलेख लिहावा लागला. जे चांगले शब्द आपण माणूस गेल्यावर लिहितो, त्यांतले दोन तो असताना सांगून टाकावेत, एवढा बोध आपण सामान्य माणसांनी त्यातून घ्यायला हरकत नाही.

पुन्हा आकाशाकडे वळू. वैमानिकांचे काही साधे नियम आहेत, आणि ते जगभर सारखेच आहेत. दोन विमाने समोरासमोर आली, तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचे. इथे 'त्याने वळावे, मी का वळू?' हा प्रश्न नाही. मोठे विमान, छोटे विमान, जुना वैमानिक, नवा वैमानिक, दोघांनीही वळायचे. दुसरा नियम असा की इंजिन असलेल्या विमानाने ग्लायडरला वाट द्यायची, आणि ग्लायडरने हवेत तरंगणाऱ्या बलूनला. म्हणजे ज्याच्या हातात अधिक बळ, अधिक सोय, त्याच्यावर बाजूला होण्याची जबाबदारी अधिक. मला वाटते, निवडणुकीनंतर जिंकलेल्या बाजूने हा नियम घराच्या दारावर लिहून ठेवावा. इंजिन तुमच्याकडे आहे. हरलेला वाऱ्यावर तरंगतो आहे. तेव्हा आधी तुम्ही वळा. मिरवणूक त्याच्या दारावरून नेऊ नका. न्यायचीच असली तर ताशा थांबवून न्या.

तिसरा नियम मोठा उद्बोधक आहे. 11 सप्टेंबर 1974 रोजी अमेरिकेत शार्लट शहराजवळ एक प्रवासी विमान उतरताना कोसळले. 82 जण होते, त्यांतले सत्तरहून अधिक दगावले. चौकशीत निघाले ते असे, की धुक्यात विमान खाली आणताना वैमानिक कामाकडे लक्ष देण्याऐवजी गप्पा मारीत होते. गप्पांचे विषय होते राजकारण आणि जुन्या मोटारी! पुढे 1981 साली तिथे नियम झाला, की दहा हजार फुटांच्या खाली, म्हणजे चढताना आणि उतरताना, वैमानिकांनी कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलायचा नाही.

आता आपल्याकडच्या केशकर्तनालयांत आणि चहाच्या हॉटेलांत एक पाटी असते: 'कृपया येथे राजकीय चर्चा करू नये.' मालकाची अडचण मला समजते. फुटलेल्या कपबशांचे पैसे पक्ष देत नाही. पण या पाटीने एक चुकीची समजूत पसरते, की राजकारण ही काही घाण आहे आणि चांगल्या माणसांनी तोंड बंद ठेवावे. वैमानिकांचा नियम असे म्हणत नाही. तो म्हणतो, चढताना आणि उतरताना गप्प बसा. वर गेल्यावर, आकाश निरभ्र असताना, खुशाल बोला. आपल्या मंडळांनीही तेच करावे. प्रचाराचे शेवटचे दिवस आणि निकालानंतरचे दोन-तीन आठवडे ही आपली चढण-उतरण. त्या दिवसांत भजनाच्या सतरंजीवर भजनच व्हावे, तालमीच्या मातीत कुस्तीच व्हावी. मंडळाच्या मोबाइलवरच्या गटात त्या दिवसांत एकादशीची वेळ कळवावी, दुसऱ्याच्या पुढाऱ्याची खिल्ली नव्हे. मग डोकी निवली की हुरड्याच्या शेकोटीभोवती बसून मनसोक्त वाद घाला. मोसंबीचा भाव का पडला, पाणी कुठे अडले, शाळेला मास्तर का नाही, हे सारे राजकारणच आहे, आणि ते बोलायलाच हवे.

श्रोतेहो, इथे एक कठीण गोष्ट टाळून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. आपल्या जिल्ह्यातला मतभेद केवळ पक्षांचा राहिलेला नाही. 1 सप्टेंबर 2023 नंतर अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचे नाव साऱ्या देशाला ठाऊक झाले. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथून जवळच असलेल्या वडीगोद्री इथे दुसऱ्या बाजूचे उपोषण झाले. दोन्ही मांडवांत बसलेली माणसे याच मातीतली. दोघांच्याही घरी कोरडवाहू शेती, शिकलेला पण बेकार मुलगा आणि लग्नाला आलेली मुलगी. आरक्षण कोणाला किती, हा प्रश्न कायद्याने आणि न्यायालयाने सुटायचा तेव्हा सुटेल. त्यावर बोलण्याची ही जागा नव्हे. पण तोवर कुणी कुणाच्या दुकानावर जायचे नाही, कुणी कुणाच्या शेतावर कामाला जायचे नाही, अशी भाषा जिथे सुरू होते, तिथे मतभेद संपतो आणि अपराध सुरू होतो. हे मी अलंकाराने म्हणत नाही. सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने 2016 साली केला आणि तो 2017 पासून लागू आहे. जातीवरून अपमान, धमकी, वाळीत टाकणे, यांना कुणी 'माझे मत' म्हणू लागला तर त्याला सहन करणे ही सहिष्णुता नव्हे. मत सहन करावे, बहिष्कार नव्हे. पखवाजवाल्याचा पक्ष मला आवडला नाही तरी मी त्याच्याशेजारी बसेन. पण त्याने उद्या कुणाला सतरंजीवरून उठवले, तर मी उठवलेल्याच्या बाजूने बोलेन. तिथे गप्प बसणे हाही एक पक्षच आहे.

अशा वेळी छोट्या हौशी मंडळांची किंमत कळते. एका जातीचे, एका पक्षाचे लोक एकमेकांना भेटायला अनेक निमित्ते असतात. परंतु वेगवेगळ्या आळ्यांतली, वेगवेगळ्या मतांची माणसे ज्या ठिकाणी आपण होऊन गुडघ्याला गुडघा लावून बसतात, अशी ठिकाणे गावात दोन-तीनच असतात. तालीम हे एक. तिथे पाठीला माती लागताना जात विचारली जात नाही. भजन हे दुसरे. ही ठिकाणे मोडली तर माणसे एकमेकांना केवळ मोर्च्यात पाहतील, आणि मोर्च्यात माणसाचा चेहरा दिसत नाही, झेंडा दिसतो.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात एवढेच. निकालानंतर पहिल्या आठवड्यात, जिंकलेल्या बाजूच्या माणसाने हरलेल्या सोबत्याच्या घरी चहाला जावे. आपण होऊन जावे, बोलावण्याची वाट पाहू नये. निवडणुकीचा विषय त्याने काढला तर ऐकून घ्यावे, नाही काढला तर आपण काढू नये. हरलेल्यानेही दार उघडावे, आणि 'बसा' म्हणावे. एवढे झाले की पुढचे काम अवघड नाही. पुढारी येतील आणि जातील, आघाड्या जुळतील आणि मोडतील, पाच वर्षांनी यंत्रे पुन्हा येतील. पण पेटी वाजवणारा माणूस गावात एकच असतो, आणि तो पुन्हा निवडून आणता येत नाही.